राहिलेलं द्वारदर्शन

मोहिनीचं नाव पहिलीच्या पटावर चढलं, तेव्हा तिने घराचा उंबरा ओलांडून वर्ष होत आलं होतं.

नाव लिहून घ्यायला शाळेच्या नूतन मॅडम एप्रिलमध्ये स्वतः घरी आल्या. पोरगी आतल्या दारामागून बघत होती. बोलावलं तशी आली, नाव सांगितलं, वीसपर्यंत आकडे म्हणून दाखवले, फुलपाखराचं चित्र रंगवून दिलं. मॅडम खूश झाल्या. निघताना सहज म्हणाल्या, "चल, मला कोपऱ्यापर्यंत पोचवायला ये." त्यासरशी पोरीचा चेहरा उतरला. तिने दोन्ही हातांनी चौकट धरली आणि तिथल्या तिथे चड्डी ओली केली. सहा वर्षांची पोर. तिची आई दिपमाला लाजून अर्धी झाली आणि आजी यशोदाबाई पोतेरं आणायच्या निमित्ताने आत निघून गेली.

"जूनपर्यंत काहीतरी करा," मॅडम जाताना दिपमालाला म्हणाल्या. "नाव पटावर आहे, पण नाव काही बाकावर येऊन बसत नाही. पोर हुशार आहे, म्हणून सांगते. आता घरात राहिली तर मग अवघड जाईल."

आधी हे कोणाला दुखणं वाटलंच नव्हतं. पहिल्या लॉकडाऊनमध्ये गावातली पोरं पोलिसांची गाडी गेली की मागच्या गल्लीने पळत, आयांच्या शिव्या खात. मोहिनी तेव्हा चार वर्षांची, तीही त्यातलीच. शेजारच्या रत्नाच्या पोरांबरोबर दिवसभर उंडारायची. दुसऱ्या वर्षी, तिचे आबा म्हणजे आजोबा रुपचंद गेले, त्यानंतर ती घरात बसली ती बसलीच. लोक कौतुक करायला लागले. किती गुणी पोर, सांगावं लागत नाही, बाहेर पाऊल टाकत नाही. लोकांना कौतुकाला काय जातं? पुढे गाव उघडलं, बाजार भरायला लागले, हळदीला बँड वाजायला लागला, तरी पोर घरातच. मागच्या अंगणात खेळायची, पुढच्या दारात यायची नाही. तिचा बाप योगराज धुळ्याच्या एका कंपनीत कामाला होता. त्याने एकदा तिला उचलून मोटरसायकलवर बसवलं, तर ती ओकली आणि तिचे हातपाय गार पडले. डॉक्टर झाले, नजर उतरवून झाली, एक बाबा दोरा बांधून गेला. गाव त्यांचं सोनगीरच्या पूर्वेला, हायवेपासून बरंच आत. तिथे याच्यापुढचा उपाय कोणाकडे नव्हता.

यशोदाबाई सगळ्यांसारखीच म्हणायची, घाबरट आहे, होईल मोठी. खरं तर तिला कळत होतं की कुठेतरी काहीतरी अडलं आहे. कुठे, ते बघायला ती धजत नव्हती.

ते आखाजीच्या दिवशी उघडं पडलं.

अक्षय्य तृतीयेला खानदेशात आखाजी म्हणतात, आणि आखाजी म्हणजे सासरी गेलेल्या लेकींचा सण. दिवाळीला एक वेळ लेक आली नाही तर चालेल, आखाजीला आलीच पाहिजे. तिला आणायला बाप किंवा भाऊ जातो. त्या माणसाला मुराळी म्हणतात. झाडाला झोके टांगलेले असतात, पोरी गाणी म्हणतात, आणि घरात गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. त्या वर्षी रुपचंदची पहिली घागर होती. यशोदाबाईची लेक सारिका सोनगीरहून आली होती. योगराज जाऊन तिला घेऊन आला होता.

समोरच्या निंबाला झोका होता. सारिका भाचीला खिडकीतून झोका बघताना बघून कळवळली. तिने हात पुढे केला. "चाल मोहिनी, झोकावर बसाले."

"मी नही येस," मोहिनी म्हणाली. "मी भायेर गयी ते कोनीतरी मरी जाई."

सारिका हसली. "कोन म्हने तुले?"

"आबा मरी ग्यात ना. मी रत्नाकाकूना घर गयी व्हती म्हनीसन."

"हाई कोनी सांगं तुले?"

"मोठी मायनी. आशाताईले सांगं. तिनी लिखी लिधं."

मोहिनी आजीला मोठी माय म्हणायची. तिने हे रडून सांगितलं नाही, तक्रार म्हणूनही नाही. आपल्या घरचा पत्ता सांगावा तसं सांगितलं. दिपमालाने धावत येऊन तिला कवटाळलं, सारिका "असं नसतं बेटा" म्हणत राहिली. यशोदाबाई घागरीजवळ उभी होती. तिच्या हातातला तांब्या तिथेच राहिला, कारण ती काय म्हणाली होती ते तिला शब्दन् शब्द आठवत होतं.

मागल्या वर्षी एप्रिलच्या शेवटी रुपचंदला ताप चढला, चौथ्या दिवशी धाप लागली. आशाताई तोंडाला फडकं बांधून दारात आली. ती याच गावातली सून, आरोग्य केंद्रासाठी घरोघर फिरून नोंदी करणारी. वही उघडून तिने विचारलं, "काकू, गेल्या पंधरा दिवसांत घरातून बाहेर कोण गेलं होतं?"

यशोदाबाईने इकडेतिकडे बघितलं. योगराज तीन आठवडे कंपनीतच अडकून होता, कामगारांना आतच ठेवलं होतं. दिपमाला चुलीपुढे. आणि समोर, भिंतीला टेकून, बोट चोखत मोहिनी. यशोदाबाईचं तोंड उघडलं आणि त्यातून निघालं, "आमी कोठे जातस माय. हाई एक पोर शे, रोज शेजारे जास खेयाले. तीच लयनी व्हई."

ताप पोरीने आणला असावा, असं आशाताईने लिहून घेतलं. पाचव्या मिनिटाला ती पुढच्या घरी गेली. नवव्या दिवशी धुळ्याच्या दवाखान्यात रुपचंदने प्राण सोडला. पार्थिव घरी आलंच नाही, लांब उभं राहून एकट्या योगराजने बघितलं. त्याच आठवड्यात रत्नाचा नवरा जीवराम तापाने आडवा पडला, पण वाचला. योगराजने गणित मांडलं: पोरगी तिथे जायची, म्हणजे रोग तिथूनच आला. त्याने मागच्या अंगणात दोन्ही घरांच्या मध्ये पत्रा ठोकला आणि जीवरामशी बोलणं टाकलं. यशोदाबाईने तो पत्रा ठोकताना बघितला. तेव्हाही ती गप्प बसली.

गप्प बसण्यात तिला कोणाला फसवायचं नव्हतं, असं ती स्वतःला सांगत आली होती. माणूस स्वतःला काय वाटेल ते सांगतो.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी तिने सोपा मार्ग करून बघितला. मोहिनीला मांडीवर घेतलं, केस विंचरता विंचरता कानात म्हणाली, "मोहिनी, ते तू नही लयनी. आबाले असाच ताप उना."

"मंग तू आशाताईले काब सांगं?" मोहिनीने लगेच कारण विचारलं.

"असंच सांगं."

मोहिनीने मान वळवून आजीकडे नीट बघितलं. "तू आते खोटं बोली ऱ्हायनी," ती म्हणाली. "माले बरं वाटाले पाहिजे म्हनीसन."

पोरीचं बरोबरच होतं. मोठ्या माणसाला, वहीवाल्या बाईला, दारात उभं राहून सांगितलेलं खरं असतं. मांडीवर घेऊन कानात सांगतात ती समजूत असते. एवढं सहा वर्षांच्या पोराला कळतं. म्हणजे जे दारात बोललं गेलं, ते दारातच, लोकांसमोर फिरवायला हवं होतं. यशोदाबाईने फणी खाली ठेवली. चौथी शिकलेली बाई, आयुष्यभर कापूस वेचलेली, पण एकदा काही डोक्यात घेतलं की रुपचंदसुद्धा वाटेतून बाजूला व्हायचा.

संध्याकाळी चहाच्या वेळी ती योगराजला म्हणाली, "तुना बापनं दारदर्शन राही गयं. ते करानं शे. सोमवारले."

द्वारदर्शन म्हणजे काय ते योगराजला सांगायची गरज नव्हती. घरात माणूस गेलं की आप्तसोयरे, गावकरी दारावर येतात. बायका आत बसतात, पुरुष ओट्यावर. आलेला माणूस विचारतो, कसं झालं? आणि घरची बाई सांगते. पुन्हा कोणी येतं, पुन्हा विचारतं, पुन्हा ती सांगते. दहा दिवसांत पन्नास वेळा सांगून सांगून ती गोष्ट तिच्या छातीतून थोडी खाली उतरते. रुपचंदच्या वेळी दारावर कोणी आलंच नाही. येणार कसं, गल्लीच्या तोंडाला बांबू आडवे बांधले होते. लोकांनी फोन केले, आणि फोनवर कोण किती विचारणार?

"माय, वरीस व्हयी गयं," योगराज म्हणाला. "घागर भराई गयी. आते कसानं दारदर्शन? लोके हासतीन."

"हासू दे. हासाघाई कोनी मरत नही."

"गेलेलं माणूस पुन्हा दारात आणू नये म्हणतात, आई," दिपमाला हळूच म्हणाली. ती चाळीसगावची, तिची बोली जरा शहरी.

"तो दारमाच शे," यशोदाबाई म्हणाली. "वरीसभरनी तुनी पोर त्याले ओलांडी नही ऱ्हायनी."

योगराजला काही कळलं नाही, पण दिपमालाने सासूकडे बघितलं आणि चहाचे कप उचलले.

खरी अडचण सारिकाची होती. ती अजून आठवडाभर माहेरी होती. यशोदाबाई तिला घेऊन मागच्या अंगणात पत्र्याजवळ बसली आणि काय करणार ते सांगितलं. सारिकाचा चेहराच पडला.

"माय, मना सासरासनं नाव निंघी ते माले त्याच घरमा ऱ्हावानं शे."

"तुना सासरानं नाव मी काब लेसू? मी मनं नाव लेसू."

"लोके जोडीच लेतीन."

"लेऊ दे." यशोदाबाईने लेकीच्या पाठीवर हात ठेवला. "सारिका, मी तुले झाकाकरता ती पोरले उघडं पाडं. तू तीस वरीसनी शे. ती पाच वरीसनी व्हती. इचार कर."

सारिका बराच वेळ रडली. डोळे पुसून म्हणाली, "मी पन बसस तुनाजोडे." यशोदाबाईला तिची लेक त्या दिवशी खरी कळली.

मग दोन दिवस यशोदाबाई गावभर फिरली. घरोघर जाऊन सांगायची, सोमवारी दुपारी आमच्याकडे दारावर या. बायका हातातलं काम टाकून तिच्याकडे बघायच्या. दोघीतिघींनी तिच्या पाठीमागे कपाळाला बोट लावलं. एका म्हाताऱ्याने तिला ओट्यावरूनच सुनावलं की रीतीला काही वेळकाळ असतो. ती म्हणाली, "नाना, रीत राही गयी व्हती, मोडेल नव्हती," आणि पुढच्या घरी गेली. रत्नाच्या दारात ती सगळ्यांत शेवटी गेली. रत्ना धान्य पाखडत होती. तिने सूप थांबवलं नाही. यशोदाबाईने उभ्यानेच निरोप सांगितला. आशाताईला सांगताना मात्र ती म्हणाली, "वही लयी ये."

सोमवारी पंचवीसेक बायका आल्या. हसायला म्हणून आलेल्याही त्यात असतील, पण उंबऱ्याच्या आत आल्या की रीत माणसाला खाली बसवते. पदर डोक्यावर आले, आवाज उतरले. दोनतीन घरांत त्याच वर्षी माणसं गेली होती आणि त्यांच्याही दारावर कोणी आलं नव्हतं. त्या बायका बसल्या बसल्याच रडायला लागल्या. योगराज आणि चार पुरुष बाहेर ओट्यावर होते, दार उघडं होतं. मोहिनी आतल्या दारात आईच्या कुशीत होती. यशोदाबाईने दिपमालाला सांगूनच ठेवलं होतं, काही झालं तरी पोरीला आत नेऊ नको.

रत्ना आली आणि दाराजवळच, भिंतीला टेकून बसली. आशाताई तिच्या शेजारी.

सगळ्यांत वयाने मोठ्या बाईने विचारलं, "कसं व्हयनं वं माय?"

यशोदाबाईने तोंडावरचा पदर मागे घेतला. रडत सांगितलं तर पोरगी म्हणेल मोठी माय रडते आहे, म्हणून तिने डोळे आधीच कोरडे करून ठेवले होते.

"मी सांगस ते बठ्ठासनी आयका," ती म्हणाली. "आखाजी दोन-अडीच हप्ता ऱ्हायनी व्हती. नाका बंद व्हयी ऱ्हायनात. मी मोहिनीना आबासले म्हने, पुढे आखो कडक व्हई, आतेच जा आनि सारिकाले लयी या. त्या नही म्हनेत. तीनदा नही म्हनेत. मी दोन दिन जेवनू नही. मंग त्या गयात."

ओट्यावर कोणीतरी खाकरलं. योगराज दारात येऊन उभा राहिला.

"वावरना रस्तानी गयात, पोलीस देखतीन म्हनीसन. टरबूज ली गयात सारिकाकरता. तठे घरमा ताप व्हता, हाई त्यासले जाईसन समजनं. सारिकाले नही लयनात. च्या पिधा आनि वापस उनात. माले सांगं. मी म्हने, कोनले सांगू नका. सूनले सांगं, वावरमा गयथात. पोऱ्याले ते सांगंच नही."

सारिका आईच्या बाजूला मान खाली घालून बसली होती. तिने मान वर केली नाही, पण उठलीही नाही.

"चार-पाच दिनमा ताप उना. आशाताईनी माले इचारं, भायेर कोन गयं व्हतं. मी पोरनं नाव लिधं. हाई मोहिनीनं. ते खोटं शे. मी बोलनू ते खोटं. पोर काहीच लयनी नही. मी धाडं त्यासले आनि त्या गयात."

मग रत्ना बोलली, भिंतीला टेकूनच.

"अक्का, पोरनंच नाव काब लिधं?"

"पोरले कोन बोली?" यशोदाबाई म्हणाली. "पोलीस तिले धरतीन नही, सोयरा रागावतीन नही. पाच वरीसनी पोर. माले वाटनं, तिले काय समजस."

हे सांगताना मात्र तिचा आवाज फाटला. वर्षभरात तिने हे वाक्य स्वतःलासुद्धा सांगितलं नव्हतं.

"मना पोरेसनी तिले खिडकीखाले उभं राहीसन हाका मार्‍यात," रत्ना म्हणाली. "तुमी खिडकी लायी लिधी. गावना लोके आमना घरना पानी पेत नव्हतात. योगराजनी पत्रा ठोका. तवय बी तुमी बोलनात नही."

"नही बोलनू."

"माले माफ कर, असं म्हनू नका. आज तरी नका म्हनू."

"नही म्हनत," यशोदाबाई म्हणाली.

योगराजने दाराच्या चौकटीवर हात मारला. जोरात नाही, पण सगळ्यांनी बघितलं. "माय, मी वरीसभर जीवरामभाऊनं तोंड नही देखं," तो म्हणाला. त्याला आणखी काही म्हणायचं असावं, पण तो वळला, चपला अडकवल्या आणि शेताच्या वाटेला लागला. यशोदाबाईने त्याला हाक मारली नाही. हा राग तिचाच होता आणि तो तिला घ्यायचा होता.

तेवढ्यात आतल्या दारातून मोहिनीचा आवाज आला. "वहीमा ते मनंच नाव शे."

आशाताई गडबडली. "ती वही केव्हाच जमा झाली, बाळा, आरोग्य केंद्रात."

"मंग नवी काढ," यशोदाबाई म्हणाली. "आनि माले पुन्हा इचार. तवय इचारं तसंच इचार."

आशाताईने सगळ्यांकडे बघितलं. अशा कामाला तिच्याकडे कुठला रकाना नव्हता. पण तिच्याही घरी दोन पोरं होती. तिने पिशवीतून वही काढली, कोरं पान उघडलं, आणि अगदी सरकारी आवाजात विचारलं, "काकू, घरातून बाहेर कोण गेलं होतं?"

"रुपचंद. यशोदाबाईनी धाडं म्हनीसन."

आशाताईने लिहिलं. यशोदाबाईने खाली वेडीवाकडी सही केली आणि वही मोहिनीच्या पुढे धरली. मोहिनीला वाचता येत नव्हतं. तिने अक्षरांवर बोट फिरवलं आणि विचारलं, "आठे मनं नाव कोठे शे?"

"नही शे," आशाताई म्हणाली. "कुठेच नाही."

मोहिनीने पान उलटून मागे बघितलं. तिथेही नव्हतं.

बायका उठायला लागल्या. दारावरून निघताना येते म्हणत नाहीत, तशा त्या न बोलता एकेक करून गेल्या. एकदोघींनी जाताना मोहिनीच्या गालावरून हात फिरवला. शेवटी रत्ना उरली. ती दारापर्यंत गेली, थांबली, आणि पाठमोरीच म्हणाली, "तुमले घरना भायेर कोनी काढं नही ना अक्का, तवय?"

घरात माणूस गेलं की त्या घरच्या बाईला पहिल्यांदा उंबऱ्याबाहेर शेजारणीने हाताला धरून न्यायचं असतं. आपल्या घरी नेऊन घोटभर चहा, घासभर काही खाऊ घालायचं. त्यानंतर ती बाई गावात फिरायला मोकळी. यशोदाबाईला कोणी नेलं नव्हतं. महिन्याभराने ती आपली आपणच पाण्याला बाहेर पडली होती.

"नही," ती म्हणाली.

"मंग चाला. मनावर रीतनं वझं नको. च्या ठेवस मी."

रत्नाचा हात पुढे आला होता. त्यात माया नव्हती, पण तो हात होता. यशोदाबाई तो धरायला निघाली आणि मधेच थांबली.

"माले नको," ती म्हणाली. "मी फिरस गावभर. हिले काढ. वरीसभर हाईच बसेल शे दुखमा."

रत्नाने मोहिनीकडे बघितलं. वर्षात पोर किती वाढली होती ते तिला आत्ता दिसलं. ती गुडघ्यावर बसली आणि तिने तोच हात मोहिनीपुढे धरला. घाई केली नाही, गोड बोलली नाही. नुसता हात धरून राहिली. दिपमालाने आपली मिठी सोडली.

मोहिनी उंबऱ्यापर्यंत आली. तिथे थांबून तिने मागे बघितलं.

"मोठी माय, तू मरशी का?"

सारिका "छे छे" म्हणायला गेली. यशोदाबाईने तिला हाताने गप्प केलं. आज घरात आणखी एक खोटं नको होतं.

"मरसू ना. म्हतारी शे मी. कधी तरी मरसू. पन तू भायेर गयी म्हनीसन नही."

"आते मरशी का?"

"आते नही. आते मी आठेच बसस. तू रत्नाकाकूना वट्टावरतून देख, मी दिससू तुले."

मोहिनीने रत्नाचं एक बोट धरलं. डावा पाय उंबऱ्यावर ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. तिचे ओठ पांढरे पडले होते. रत्ना ओढत नव्हती. गल्लीत एक सायकल गेली, तोवर मोहिनी थांबली. मग दोन्ही पाय बाहेर पडले.

यशोदाबाई उंबऱ्याच्या आत, बरोबर दाराच्या मध्ये मांडी घालून बसली. ऊन तोंडावर येत होतं. सारिका म्हणाली, सावलीत सरक. ती सरकली नाही. रत्नाच्या ओट्यावरून दिसायचं तर तिथेच बसायला हवं होतं. पायाला मुंग्या आल्या. दिपमालाने पाणी आणलं, ते तिने मान न वळवता प्यायलं. तिकडून कपबशीचा आवाज आला. रत्नाच्या पोरांचा दबका आवाज आला, मग जरा मोठा. शेताच्या वाटेवरून योगराज अजून परतला नव्हता आणि परतल्यावर तो काय बोलेल, बोलेल की नाही, हे तिला ठाऊक नव्हतं. ते सगळं पुढे होतं. आत्ता तिचं काम एवढंच, की बसायचं आणि दिसायचं.

अर्ध्या तासाने मोहिनी धावत आली. तोंडाला बिस्किटाचा चुरा लागलेला, छाती धडधडत होती. ती उंबऱ्यापाशी वाकली आणि तिने यशोदाबाईच्या नाकाखाली बोट धरलं. यशोदाबाईने श्वास घेतला, सोडला. पुन्हा घेतला, सोडला. मोहिनीने तीन वेळा खात्री करून घेतली.

मग ती वळली आणि कोणाचा हात न धरता परत बाहेर गेली.